कोणत्याही शाखेचा पदवीधर

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोलापुरात दोन गोष्टींना ऊत येतो. एक पेढ्यांना आणि दुसरा सल्ल्यांना. पैकी पेढे विकत आणावे लागतात, म्हणून ते बेतानेच वाटले जातात. सल्ला फुकट असल्यामुळे त्याला माप नाही. ज्या गृहस्थांनी स्वतः चार प्रयत्नांत बी.ए. केलं आणि पाचव्या प्रयत्नात शेती, तेसुद्धा परवा आमच्या भाचीला ‘नुसतं बी.कॉम. करू नकोस, काहीतरी ग्लोबल कर’ असं सांगून गेले. ‘काहीतरी ग्लोबल’ म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

भाचीला एक्क्याऐंशी टक्के पडले, तेही कॉमर्सला. आमच्या घराण्यात एक्क्याऐंशी हा आकडा यापूर्वी फक्त आजोबांच्या वयाच्या संदर्भात आला होता. त्यामुळे आनंदीआनंद झाला आणि तिसऱ्या दिवशी दाजी बँकेत हजर झाले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. टॉवेल-चादरींचं लहानसं दुकान, उधारीवर विश्वास नाही, कर्ज या शब्दाची शिवी समजून चीड. असा माणूस सकाळी साडेअकराला काखेत पिशवी मारून शिक्षणकर्जाच्या खिडकीकडे निघालेला पाहिला, तेव्हा माझ्या हातातला शिक्का दुसऱ्याच्याच पासबुकावर उमटला.

“काय बँकवाले, गर्दी आहे काय?”

“नाही दाजी. सर्व्हर डाऊन आहे.”

“मग बरं झालं. निवांत बोलू.”

पिशवीतून एक पुस्तक निघालं. कागद इतका गुळगुळीत की बोट ठेवलं की घसरून थेट ‘ॲडमिशन्स ओपन’वर जावं. पुण्याजवळच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचं ते माहितीपत्रक होतं. पहिल्या पानावर पोहण्याचा तलाव. दुसऱ्या पानावर घोडा. तिसऱ्या पानावर चार मुलं हिरवळीवर लोळत एकाच लॅपटॉपकडे बघून हसत होती. मी चाळीस पानं चाळली, पण वर्ग, फळा आणि मास्तर यांपैकी एकही गोष्ट कुठं दिसली नाही. शिक्षण म्हणजे तलाव, घोडा आणि हसणं, असं एकंदर धोरण असावं. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ असं छापलेलं होतं.

आता ‘असिस्टन्स’ या शब्दाची मौज पाहा. शंभर टक्के नोकरी असं ते म्हणत नाहीत. नोकरी शोधायला शंभर टक्के मदत, असं म्हणतात. अशी मदत आमचे शेजारीही करतात. रोज सकाळी पोराला विचारतात, “काय रे, लागली का कुठं?”

“वर्षाला फी चार लाख,” दाजी म्हणाले. “हॉस्टेल-मेस दीड. तीन वर्षं. दीड लाख माझ्याजवळ आहेत, उरलेले पंधरा तुम्ही द्या.”

‘तुम्ही’ म्हणजे बँकेने, हे मला कळायला अर्धा मिनिट लागला. तो अर्धा मिनिट फार वाईट गेला.

सर्व्हर बंद होता तरी डोकं चालू होतं, म्हणून मी पाठकोऱ्या स्लिपवर हिशेब मांडला. वाचकहो, हाही पाहून घ्या, कारण त्या गुळगुळीत पुस्तकात तो नाही. दरवर्षी पाच याप्रमाणे पंधरा लाख उचलायचे. व्याज दहा टक्के धरू. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, म्हणून लोकांना वाटतं की व्याजही नाही. व्याज असतं. चौथं वर्ष संपेपर्यंत, सरळ व्याजाने धरलं तरी, ते साडेचार लाख होतं. म्हणजे साडेएकोणीस लाख. हे दहा वर्षांत फेडायचे तर महिना पावणेसव्वीस हजार रुपये. एकवीस-बावीस वर्षांची पोर, पहिली नोकरी, आणि पगार हातात येण्याआधी पावणेसव्वीस हजार कापलेले. त्यात साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण आलं. केंद्र सरकारने २०२४ साली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण नाही, जामीनदार नाही. पण ती एनआयआरएफच्या क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांपुरती. या घोड्यावाल्या युनिव्हर्सिटीचं नाव त्या यादीत मला सापडलं नाही.

“तारण काय लागंल?” दाजींनी विचारलं.

“घर.”

दाजी थोडा वेळ घोड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “पण नाव मोठं आहे. पोरीचं कल्याण होईल. आता तुमचंच बघा. तुम्ही साधं बी.कॉम. केलं आणि इथंच शिक्के मारत बसला.”

माझा वाद आहे तो या वाक्याशी. दाजींशी नाही. त्यांचा मी तीस वर्षं मिंधा आहे; माझ्या लग्नातला आहेराचा हिशेब त्यांनीच जुळवला होता. पण ‘नाव मोठं म्हणजे कल्याण’ आणि त्याच्या उलट ‘डिग्रीला विचारतो कोण’, या दोन वाक्यांनी आपल्या मध्यमवर्गाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं वाढदिवसाच्या केकनेही केलं नसेल. ही दोन्ही वाक्यं एकाच दिवाणखान्यात, एकाच सोफ्यावर, कधी कधी एकाच तोंडातून निघतात.

आधी नावाचं पाहू.

आमच्या शाखेत या. पहिल्या काउंटरवर अस्मादिक, बी.कॉम. दुसऱ्यावर एक मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने चार वर्षं टर्बाईन शिकून घेतलं आणि आता तो पासबुक छापायच्या यंत्रात अडकलेला कागद काढतो. शाखेत यंत्राशी संबंध येणारा तो एकमेव माणूस, म्हणून त्याची पदवी सार्थकी लागली असं आम्ही मानतो. तिसऱ्यावर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची एम.एस्सी. झालेली मुलगी आहे. ती सोनेतारण बघते. शेतकरी गिऱ्हाईक आलं की पाटल्या तोलता तोलता त्याला डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा सल्ला देते, त्यामुळे तिच्याकडे रांग मोठी असते. चौथे गृहस्थ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. दिवसा हॉटेलात गल्ला सांभाळायचा आणि रात्री अभ्यास करायचा, असं त्यांनी केलं. आमच्यात सर्वांत झपाझप नोटा मोजणारा आणि कधीही शॉर्ट न येणारा माणूस तोच. मॅनेजरसाहेब बिहारकडचे, इतिहासाचे पदवीधर. पाच माणसं, पाच विद्यापीठं. पगार ज्याच्या त्याच्या श्रेणीप्रमाणे. महिन्याच्या शेवटी कुणाच्या स्लिपवर विद्यापीठाचं नाव नसतं.

कारण आम्ही ज्या दारातून आत आलो त्या दारावर एवढंच लिहिलेलं आहे: कोणत्याही शाखेचा, मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर. कोणत्याही! म्हणजे बँक सांगते की, बाबा रे, तू काय शिकलास याच्याशी मला कर्तव्य नाही. काहीतरी शिकलास एवढा कागद दाखव. आणि कागद दाखवला की परीक्षा वेगळीच. तिच्यात विचारतात, आठ माणसं वर्तुळाकार टेबलाभोवती बसली आहेत. काहींची तोंडं आत आणि काहींची बाहेर आहेत. तर अमक्याच्या डावीकडे तिसरा कोण? जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत मी बँकेत वर्तुळाकार टेबल पाहिलेलं नाही. आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणं आम्हाला परीक्षेशिवायच येतं.

आता हे ‘विद्यापीठ’ प्रकरण मुळात काय आहे, तेही ध्यानात घ्या. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि कागद द्यायचा. १८६२ साली मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांना कुणी विद्यापीठाने घडवलं म्हणायचं तर विद्यापीठाला तेव्हा स्वतःचं घरसुद्धा नव्हतं. तो राजाबाई टॉवर उभा राहिला १८७८ साली, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून. हे शेठजी कापसाचे आणि शेअरचे दलाल. १८६५ साली बाजार कोसळला तेव्हा तेही त्यात सापडले. तेव्हा मुंबई विद्यापीठाची सर्वांत उंच वस्तू सटोडियाच्या पैशातून आली, आणि ती पदवी नसून घड्याळ आहे, एवढं जाता जाता नमूद करतो.

मुद्दा असा की आपल्याकडे बी.ए., बी.कॉम.ला मुलगा शिकतो कॉलेजात आणि नाव होतं विद्यापीठाचं. पुणे विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुण्याच्या टेकड्या आणि जाडे चष्मे येतात. पण त्या विद्यापीठाखाली नाशिक आणि नगर जिल्हेही येतात. नगरचं आता अहिल्यानगर झालं, तरी तालुके तिथंच आहेत. आडतालुक्यातल्या, पत्र्याच्या दोन खोल्यांतल्या कॉलेजचा विद्यार्थीही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचाच पदवीधर आणि पेठेतल्या शंभरी गाठलेल्या कॉलेजचाही. प्रमाणपत्र एकच. दोघांना काय शिकवलं ते प्रमाणपत्रावर कुठंही लिहिलेलं नसतं.

आणि आमच्या घरात तर याचा पुरावाच टांगलेला आहे. मी २००१ साली बी.कॉम. झालो, तेव्हा सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होता. दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेलं ते विद्यापीठ मी पदवीनंतर नऊ वर्षांनी पाहिलं, तेही अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो म्हणून. महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहिला, नमस्कार केला, ‘मी आपला पदवीधर’ असं मनात म्हटलं आणि एस.टी. पकडली. पुढे २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, एकट्या जिल्ह्यापुरतं. माझा धाकटा भाऊ २००७ साली त्याच कॉलेजातून बी.कॉम. झाला. वर्ग तोच, बाक तोच, बाकावर कर्कटकाने मी कोरलेलं नाव तेच. कॉस्टिंगचे सर तेच आणि त्यांच्या वहीतली गणितंही तीच; मी उत्तरं त्याला आधीच सांगून ठेवली होती. पण त्याच्या पदवीवर सोलापूर विद्यापीठ आणि माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ. त्या विद्यापीठाला २०१९ साली अहिल्यादेवींचं नाव मिळालं. म्हणजे आमच्यात आणखी एक भाऊ असता तर घरात तीन नावं झाली असती. आत्या अजून म्हणते, “थोरल्याची डिग्री वजनदार हो, कोल्हापूरची आहे.” दोन्ही तराजूत घालून बघायला माझी हरकत नाही, फक्त माझी लॅमिनेट केलेली आहे, तेवढं वजा करावं लागेल.

याचा अर्थ कुठंही शिका, सगळं सारखंच, असं मी म्हणतो का? नाही हो. ज्याला आयआयटीत जागा मिळते त्याने माझा लेख वाचत बसू नये, बॅग भरावी. डॉक्टर व्हायचं असेल तर ज्या कॉलेजच्या दवाखान्यात रोगी आहेत ते निवडावं. काही कॉलेजांत तर रोगी तपासणीच्या दिवशीच येतात म्हणे. ज्याला संशोधन करायचं आहे, कायद्यात नाव काढायचं आहे, त्यांना संस्थेचा, तिथल्या ग्रंथालयाचा आणि बरोबरच्या पोरांचा फरक पडतो, आणि तो जन्मभर पडतो. मी बोलतो आहे ते तुमच्या-आमच्या घरातल्या बी.कॉम., बी.ए., बीबीए या मंडळींबद्दल. इथं नावासाठी घर गहाण टाकणं म्हणजे वरातीसाठी वधूचे दागिने मोडणं आहे. आणि नावच पाहायचं तर निदान आकडा तरी पाहा. पोस्टरवरचं ‘हायेस्ट पॅकेज’ हे एका पोराचं असतं. त्या पोराचे वडील काय करतात हे पोस्टरवर नसतं. एनआयआरएफला जी संस्था माहिती पुरवते तिला नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार द्यावा लागतो. मध्यक म्हणजे सगळे पगार ओळीने मांडले तर मधोमध उभा राहणारा. तो विचारा. तो विचारला की काउन्सेलर मॅडम पाणी आणायला जातात. मी फोनवर विचारला, तेव्हा त्या फोनवरूनसुद्धा पाणी आणायला गेल्या.

हे झालं नावाच्या भक्तांचं. पण दुसऱ्या टोकाला जे बसलेत ते यांच्याहून घातक. ‘अहो, डिग्रीला विचारतो कोण? स्किल पाहिजे, स्किल! बिल गेट्सने कॉलेज सोडलं, झुकेरबर्गने सोडलं.’ सोडलं ना! पण दोघांनीही सोडलं ते हार्वर्ड. हार्वर्ड सोडायचं तर आधी हार्वर्डात शिरावं लागतं. आमच्या गल्लीतही कॉलेज सोडलेले सातजण आहेत. अजून एकाचीही कंपनी निघाली नाही. एकाची पानपट्टी आहे, ती बरी चालते.

या स्किलवाल्यांना मी आमच्या दफ्तरी काकांची हकिकत सांगतो.

काका शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. शिक्षण नववी. नोटेवरून अंगठा फिरवून खोटी नोट काढून देत. यंत्र नंतर आलं आणि ते काकांशी सहमत झालं. जुन्या खातेदारांच्या सह्या त्यांना तोंडपाठ होत्या. “ह्यो ‘र’ त्येंचा न्हाई साहेब,” असं म्हणून त्यांनी एकदा एक चेक अडवला आणि तो खरोखरच पुतण्याने केलेला निघाला. २०१६ च्या नोव्हेंबरात हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या आणि शाखेच्या दारातून चौकापर्यंत रांग गेली, तेव्हा आम्ही सगळे पदवीधर आत घामाने निथळत होतो आणि बाहेर ती रांग हा नववीचा माणूस सांभाळत होता. म्हाताऱ्यांना सावलीत बसवत होता, फॉर्म भरून देत होता, भांडणं मिटवत होता. बँकेच्या परिभाषेत याला कस्टमर रिलेशन, क्राऊड मॅनेजमेंट आणि ऑपरेशन्स असं म्हणतात. यावर दोन वर्षांची एम.बी.ए. मिळते.

कारकुनाच्या परीक्षेला बसायला दहावीचा दाखला लागत होता. काकांजवळ दाखला नव्हता. ते कारकून झाले नाहीत. संपलं. निरोपसमारंभात एका वरिष्ठाने भाषण केलं, “मित्रहो, शिक्षण म्हणजे सर्वस्व नव्हे, हे यांनी दाखवून दिलं.” आणि टाळ्यांच्या कडकडाटात काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या वरिष्ठाच्या नावापुढे तीन डिग्र्या होत्या. संध्याकाळी घड्याळ कापडात गुंडाळता गुंडाळता काका मला म्हणाले, “साहेब, डिग्री उपेगाची न्हाई म्हनत्यात, त्येच्यात एक तरी बिनडिग्रीचा असतो का वो?”

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. काकांची तिन्ही मुलं पदवीधर आहेत.

यातली खरी चीड येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या शाखेतले जुने हेडकॅशिअर मॅट्रिक होते. त्या काळात बँकेत मॅट्रिकवर कारकुनी मिळत असे आणि त्या मॅट्रिक माणसांनी हातभर लांबीच्या लेजरांत, हाताने, सहा महिन्यांचं व्याज पैशापर्यंत काढलं. बॅलन्स जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत बसून जुळवला. आता व्याज संगणक काढतो, बॅलन्स संगणक जुळवतो, आणि सर्व्हर डाऊन झाला की आम्ही चहा पितो. काम सोपं झालं आणि पात्रता वाढली! आज कारकुनासाठी पदवी लागते. शिवाय आम्हाला आता कारकूनही म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. सौ.ला हे मी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “पगार वाढला का?” बायकांना तपशिलात फार रस असतो. उद्या या जागेला एम.कॉम. लागेल, परवा पीएच.डी.; आणि काम तेच राहील, “आजोबा, इथं सही करा. नाही, इथं. अहो, इथं.”

तेव्हा डिग्री लागते. कामाला लागते म्हणून नव्हे, दारावरच्या माणसाला दाखवायला लागते म्हणून. लग्नाच्या हॉलवर बूट बाहेर काढून ठेवायचे असतात तशी ती आत गेल्यावर बाजूला काढून ठेवायची असते. पण बूटच नसतील तर फाटकातूनच परत पाठवतात. तिकीट लागतंच, पण तेच तिकीट कुणी साडेसोळा लाखांना विकायला लागला तर त्याला काळाबाजार म्हणायचं की नाही?

सरकारने आता आणखी एक गंमत केली आहे. २०२१ पासून ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली आहे. विद्यार्थ्याने शिकून मिळवलेले क्रेडिट तिच्यात जमा करायचे, मध्येच शिक्षण सोडायचं, पुन्हा यायचं, दुसऱ्या विद्यापीठात जायचं, जमा क्रेडिट वापरायचे. कल्पना उत्तम आहे. म्हणजे आता विद्यापीठ कुठलं हा प्रश्न आणखी पातळ झाला. एक वर्ष इथलं, दोन तिथली. बँकवाला म्हणून मी बारकाईने वाचलं. हे क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतात. आमच्याकडे दहा वर्षं खात्याला कुणी हात लावला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, आणि तिथूनही मागून मिळतात. तेव्हा ज्ञानापेक्षा पैसा तीन वर्षं जास्त टिकतो, असं दिसतं.

असो. हे सगळं मी त्या रविवारी ताईच्या घरी, माणसं जमवून, तासभर बोललो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर होती, त्यामुळे कुणी उठून गेलं नाही. हिशेबाची स्लिप सगळ्यांत फिरवली. दाजी गप्प बसले. ताईने डोळ्याला पदर लावला. तो कर्जाच्या आकड्यामुळे की चटणीमुळे, कळलं नाही. मी शेवटी जाहीर केलं, “तेव्हा पोरीने इथंच, आपल्या कॉलेजात बी.कॉम. करावं. सायकलवर जावं. फी वर्षाला काही हजार. बाकी पैशांची एफ.डी. करावी.”

भाची आतापर्यंत दारात उभी होती. एवढ्या तासात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

“मामा,” ती म्हणाली, “मला ती घोड्याची युनिव्हर्सिटी नकोच होती. पप्पांनी आणलं ते पुस्तक.”

“मग झालं तर! आपलं कॉलेज—”

“आपलं कॉलेज पण नको. पुण्याच्या एका जुन्या कॉलेजची लिस्ट लागलीय, अनुदानित तुकडीची. फी तिथंही हजारांतच आहे. माझं नाव आहे.”

“अगं, पण मग फरक काय राहिला? बी.कॉम. तेच. मी एवढा वेळ काय सांगत होतो?”

“तुम्ही विद्यापीठाचं सांगत होता. मला विद्यापीठ कुठलंही चालेल, मामा. मला इथून जायचंय.”

घरात असं काही शांत झालं की बाहेरची रिक्षासुद्धा ऐकू आली. ताईने पदर खाली घेतला. ती स्वतः बारावीला माझ्यापेक्षा हुशार होती. तिलाही पुण्याला जायचं होतं. आमच्या वडिलांनी ‘इथं कॉलेज आहे की’ म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. वर्षभराने तिचं लग्न झालं. माझ्या हिशेबाच्या स्लिपवर ही रक्कम कुठंच मांडलेली नव्हती. आणि ती डेबिटला घालायची की क्रेडिटला, ते बी.कॉम.ला शिकवलेलं नाही.

“जाऊ दे तिला,” ताई म्हणाली. दाजींकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून.

सोमवारी दाजी परत आले. हॉस्टेल, मेस, पुस्तकं आणि हुतात्मा एक्स्प्रेसने जाणं-येणं, असं तीन वर्षांचं धरून तीन लाखांचा अर्ज. चार लाखांच्या आत, त्यामुळे तारण नाही. घराची कागदपत्रं कपाटातच राहिली. सर्व्हर चालू होता म्हणून गर्दी होती. मी अर्ज भरायला घेतला. नाव, वय, आधार, अभ्यासक्रम. ‘विद्यापीठाचे नाव’ या रकान्याशी दाजींनी माझा हात धरला.

“तेवढं जरा मोठ्या अक्षरात लिवा,” ते म्हणाले.

रकाना लहान होता. मी ‘सावित्रीबाई’पर्यंत मोठं लिहिलं, बाकीचं खालच्या ओळीत उतरवलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.